कानात वारं शिरलं

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. सकाळ. गल्लीत यंत्रमागांची खटखट. दारात भरलेली पिंपं, घागरी, बादल्या.)

आज नळाला पाणी आलंय. सोलापुरात ते रोज येत नाही, त्यामुळे पाण्याचा दिवस आधी पिंपांचा, मग धुण्याचा आणि सगळ्यात शेवटी बुंदीच्या अंघोळीचा.

बुंदी ही या घरची तीन वर्षांची कुत्री. अंगानं तांबूस, छातीवर पांढरा ठिपका. गल्लीतल्या कारखान्याच्या पत्र्याखाली पिल्लू असताना सापडली आणि या घरची झाली. अंगावर तांब्या ओतला जातो तेव्हा ती कान पाडून, शेपूट पोटाशी घेऊन गप उभी राहते. आजी तिला जुन्या टर्किश टॉवेलनं खसाखसा पुसतात. टॉवेल अर्थातच सोलापूरचा. इथल्या चादरीसारखंच त्यालाही भौगोलिक मानांकन आहे, आणि या घरातल्या दोन पिढ्या तोच विणत आल्या आहेत.

आजी हात सोडतात.

(दृश्य: बुंदी सुटते. संगीत नको. फक्त फरशीवर नखांचा आवाज.)

ओसरीवरून माजघरात, माजघरातून अंगणात, तुळशीला वळसा, पुन्हा आत. पाठीची कमान झालेली, मागचा भाग खाली दबलेला, मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतायत. मध्येच थांबते, पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवते, शेपटाकडची बाजू वर. एक क्षण आपल्याकडे बघते आणि पुन्हा सुसाट.

शेजारचा मुलगा दाराला चिकटून उभा आहे. "आजी, ही पिसाळली काय?"

"नाही रे बाळा. कानात वारं शिरलंय तिच्या."

मराठीत या धावण्याला इतका नेमका शब्दप्रयोग तयार असताना आम्हाला दुसरा शोधावासा वाटला नाही. गोठ्यातलं वासरू दावं सुटल्यावर शेपूट वर करून उधळतं, तेव्हा आपले शेतकरी हेच म्हणतात. करडं करतात, घोड्याची शिंगरं करतात, घरातली मांजरंही करतात. इंग्रजीत याला लाडानं 'झूमीज' म्हणतात. अभ्यासकांचं नाव लांबलचक आहे, फ्रेनेटिक रँडम ॲक्टिव्हिटी पीरियड्स, थोडक्यात फ्रॅप. म्हणजे अचानक येणारा, दिशा नसलेल्या बेभान हालचालीचा झटका. बहुतेक वेळा काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत तो ओसरतो. आम्ही चित्रीकरण केलं त्या सकाळी बुंदी एक मिनिट चाळीस सेकंद धावली.

पण अंघोळीनंतरच का? जरा तिच्या जागी उभं राहून बघा. पाच-दहा मिनिटं हलायचं नाही, अंगावर पाणी, नाकाशी साबण. कुत्र्याचं जग वासाचं असतं, आणि साबणानं तिच्या अंगाचा स्वतःचा वासच धुऊन नेलेला. इतका वेळ आत दाबून धरलेला ताण हात सुटताक्षणी पायांत उतरतो. म्हणूनच ती धावता धावता स्वतःच्या गोणपाटावर लोळण घेते. अंग कोरडं होतं आणि ओळखीचा वासही परत मिळतो.

दुसरी वेळ संध्याकाळची. दिवस उतरताना आणि उजाडताना कुत्री मुळातच जास्त चपळ असतात. त्यात दिवसभर एकटं राहिलेलं कुत्रं घरची माणसं परतली की उसळतं. पिल्लांमध्ये हे जास्त, वय वाढतं तसं कमी.

आणि ते वाकून छाती टेकवणं? ते खेळाचं आमंत्रण असतं. अमेरिकेतले प्राणिवर्तनाचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी कुत्री, लांडगे आणि कायोटी (कोल्ह्यासारखे अमेरिकी प्राणी) यांच्या खेळाचं बारकाईनं निरीक्षण केलं. १९९५ साली त्यांनी दाखवून दिलं, की चावून झटका देण्यासारखी, गैरसमज होईल अशी कृती करण्याच्या आधी किंवा नंतर हे वाकणं हमखास दिसतं. जणू वाकणारं कुत्रं सांगतंय, हे खेळातलं आहे, मनावर घेऊ नकोस. शेजारच्या मुलाला आम्ही हे सांगितलं. त्यानं लगेच हात जमिनीला टेकवले, आणि बुंदीनं त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

त्याचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पिसाळलेलं कुत्रं आपल्या गल्ल्यांनी पाहिलेलं आहे, आणि भीती खरी आहे. पण फरक कळतो. बुंदी धावताना भिंत चुकवते, तुळस चुकवते, हाक मारली की कान वळवते आणि थोड्या वेळानं आपसूक थांबून पाणी पिते. रेबीज झालेल्या कुत्र्याची लाळ गळते, जबडा लोंबतो, आवाज बदलतो, चाल लडखडते, घरचं माणूसही त्याला परकं होतं. असं कुत्रं चावलं, ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठायचा. हळद, चुना काही लावायचं नाही. आणि धावणं सोडून कुत्रं तासन् तास एकाच जागी गोल फिरत आपलंच शेपूट चावत असेल, तर तो खेळ राहिलेला नाही. पशुवैद्यांना दाखवा.

(दृश्य: फरशीचा जवळून दिसणारा भाग. वळणावर बुंदीचे मागचे पाय सरकतात.)

घरात खरी काळजी करावी ती या फरशीची. ओल्या, गुळगुळीत शहाबादीवर जोरात वळताना पाय सटकतो आणि गुडघ्यातला स्नायुबंध तुटू शकतो. आजींनी आधी जुनी चादर अंथरून पाहिली. ती बुंदीसकट घसरत गेली. आता अंघोळीच्या दिवशी वळणावर रबरी चटई असते, स्टुलं भिंतीला लागतात, आणि रस्त्याकडच्या दाराला कडी. मागे कुणी धावत नाही. मागे धावलं की तिला तो पाठलागाचा खेळ वाटतो आणि ती आणखी लांब जाते. नुसतं पाठ फिरवून हाक मारायची. या गल्लीत हाकाही तीन. मराठीत 'ये', समोरच्या घरातून तेलुगूत 'रा', कोपऱ्यावरून कानडीत 'बा'. बुंदीला तिन्ही कळतात.

उन्हाळ्यात मात्र जपावं लागतं. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, बाकी सगळं अंग तोंडानं धापा टाकून गार करायचं. त्याचं नेहमीचं तापमानच ३८ ते ३९ अंश सेल्सियस. धावल्यावर ते आणखी चढतं. म्हणून त्या दिवसांत अंघोळ पहाटे, आणि दुपारी गच्चीचं दार बंद.

(दृश्य: जानेवारी. संध्याकाळ. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस. कारखान्याच्या दारात वाघ्या.)

समोरच्या कारखान्यातला वाघ्या बारा वर्षांचा आहे. उठताना आधी पुढचे पाय, मग बऱ्याच वेळानं मागचे. सिद्धेश्वरांच्या यात्रेत हवेत गारवा होता. बुंदी नुकतीच धावून त्याच्यासमोर वाकली होती. वाघ्यानं तिच्याकडे पाहिलं, उठला, अंग झाडलं आणि धावला. कारखान्याच्या दारापासून विजेच्या खांबापर्यंत, खांबाला वळसा घालून परत. सात-आठ सेकंद असतील.

कामगारांनी माग थांबवले होते. कुणीच काही बोललं नाही. वाघ्या धापा टाकत आपल्या पोत्यावर जाऊन बसला. एकानं त्याच्यापुढे पाण्याची वाटी सरकवली आणि त्याचे मागचे पाय हळूहळू चोळत तिथंच बसून राहिला.