अलिबागची इस्राएल आळी आणि तिचं सिनेगॉग

अलिबागला आपण जातो ते बीच आणि कुलाबा किल्ला बघायला, पण गावातच इस्राएल आळी आहे आणि त्या आळीत मागेन आबोथ नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभं आहे, १८४८ मधलं. आत्ता दिसते ती इमारत १९१० च्या सुमारास नव्याने बांधलेली.

या आळीतली मंडळी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांची परंपरा सांगते की शेकडो वर्षांपूर्वी नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांना तिथंच पुरलं. पुढं हे लोक कोकणात गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवायला लागले, शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. आडनावं बघा ना, किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, म्हणजे अख्खा रायगडचा नकाशाच. आणि घरात बोलायची भाषा मराठी! पेसाख या ज्यूंच्या सणाच्या रात्री वाचायचा हागादा हा ग्रंथ १८४६ मध्येच मुंबईत मराठीसकट छापला गेला होता, मला तर ही गोष्ट फार फार मोठी वाटते.

मग नोकरीसाठी लोक मुंबईला गेले, पलटणीत, रेल्वेत, सरकारी ऑफिसात, आणि १९४८ ला इस्राएल देश झाल्यावर कुटुंबंच्या कुटुंबं तिकडे निघाली. तेव्हा भारतात २० हजारांच्या आसपास बेने इस्राएल होते, आता त्यातले थोडेच उरलेत. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेनुसार दहा पुरुष लागतात, त्याला मिनयान म्हणतात, आणि छोट्या गावात ते दहा जमवणं हीच आता मोठी अडचण. तरी मागे राहिलेल्या मोजक्या घरांनी ही वास्तू जपलीय, त्याचं खरंच कौतुक करायला हवं.

तिकडे गेलेलेही विसरलेले नाहीत हां. इस्राएलमधून नातवंडं-पतवंडं येतात, सिनेगॉग बघतात, मग अलिबागजवळच्याच खंडाळा गावी (घाटातलं खंडाळा नव्हे हं) जातात. एलियाहू हनावी, म्हणजे एलिया पैगंबर, तिथून स्वर्गात गेले आणि त्यांच्या रथाच्या खुणा तिथल्या कातळावर उमटल्या अशी श्रद्धा आहे. नवस फेडायला मलिदा करतात, गोड पोहे, ओलं खोबरं, सुका मेवा, फळं, सगळं कसं अगदी कोकणातलं.

पुढच्या वेळी अलिबागला गेलात तर या आळीत जाऊन या, फक्त शनिवार टाळा, तो त्यांचा शब्बाथ असतो, आत जायच्या आधी विचारा आणि डोकं झाका.