पहाडी पोपटाची ढोली

नमस्कार श्रोतेहो. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाच्या आसपास राहणाऱ्यांनी सकाळी डोक्यावरून किंचाळत जाणारे पोपटांचे थवे पाहिलेच असतील. त्यातले बहुतेक आपले नेहमीचे राघू. पण एखाद्या वेळी त्यांच्यापेक्षा जाड, घोगरा आवाज येतो, पंख जरा संथ हलताना दिसतात आणि शेपूट नको इतकी लांब वाटते. तो पहाडी पोपट. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे. त्याहून जास्त बोलायचं आहे ते त्याच्या ढोलीविषयी.

आधी ओळख पटवून घेऊ. राघू चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण ४० सेंटीमीटर भरतो, पहाडी ५५ ते ६०. चोच दणकट आणि लालभडक. पक्की खूण म्हणजे खांद्यावरचा तपकिरी-लाल डाग. मोठ्या झालेल्या नराला आणि मादीला, दोघांनाही तो असतो. राघूला कधीच नसतो. गळ्याचा काळा-गुलाबी कंठ मात्र फक्त नराला, आणि तोही वयात आल्यावर. त्यामुळे कंठ नसलेला प्रत्येक पक्षी मादीच असेल असं नाही, तो गेल्या वर्षीचा पोरगाही असू शकतो.

जगातल्या धोक्यातल्या प्राण्यांची जी यादी आययूसीएन ही संस्था ठेवते, तिच्यात हा पक्षी ‘नियर थ्रेटन्ड’ गटात आहे; म्हणजे अजून संकटात नाही, पण वाट तिकडेच चालली आहे. खाण्याची त्याला ददात नाही. वड, उंबर, पेरू, चिंच, काटेसावर आणि पांगाऱ्याच्या फुलांतला मध, सगळं चालतं. अडतं ते घराशी. पोपट काड्यांचं घरटं बांधत नाही. सुतार पक्ष्याने कोरलेलं किंवा फांदी मोडून कुजलेलं भोक तो शोधतो आणि चोचीने रुंद करतो. आत एक फूटभर मोकळी जागा हवी, म्हणजे त्या उंचीवर खोड दीड फूट तरी जाड पाहिजे. असं झाड तयार व्हायला कित्येक दशकं लागतात. आपण सोसायटीत बहावा लावतो, कडुनिंब लावतो, छानच करतो. पण त्यात पोपटाची ढोली बहुधा आपली नातवंडंच बघतील.

चांगली ढोली वर्षानुवर्षं वापरली जाते. पिल्लं पळवणारा माणूस हात आत पोहोचला नाही की कुऱ्हाडीने भोक फोडतो. त्या वर्षीची दोन-तीन पिल्लं जातात, आणि पुढच्या कितीतरी वर्षांचं घरही जातं. म्हणूनच पिंजऱ्यातला ‘पहाडी’ विकत घेणारा नकळत एक झाडही विकत घेतो, असं आम्ही म्हणतो. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने पहाडी पोपट पाळणंही गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘घरचाच आहे, लहानपणापासून आहे’ ही सबब चालत नाही. आणि पिंजऱ्याचं दार उघडून त्याला उडवून देणं हा उपाय नव्हे. कापलेली पिसं पुढच्या पिसारा-गळतीशिवाय परत येत नाहीत, त्याला काही महिने जातात, आणि तोवर घार किंवा मांजर वाट पाहत नाही. असा पक्षी वनखात्याच्याच ताब्यात द्यायचा.

आता येऊ या छाटणीकडे. पहाडीचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. अंडी दोन ते चार, ती उबायला साडेतीन-चार आठवडे, आणि पिल्लू उडायला त्यापुढे सात आठवडे. आपल्याकडे पावसाळ्याआधी फांद्या तोडायची घाई उडते ती मार्च-एप्रिल-मेमध्ये. वाळकं खोड दिसलं की आधी तेच आडवं होतं, आणि भोक असतं त्याच खोडात. ढोली रिकामी आहे का, हे खालून दहा मिनिटं बघून कळत नाही. अंडी उबवताना मादी आत बसून असते आणि नर दिवसातून मोजक्या वेळा खाऊ घालायला येतो. उजाडल्यावर तासभर आणि मावळतीआधी तासभर, शंभर फुटांवरून, सलग दोन दिवस बघा. भोकाची कड ताजी, फिकट आणि कुरतडलेली असेल, बुंध्याशी विष्ठा आणि लाकडाचा भुसा पडला असेल, तर आत कुणीतरी आहे असंच धरून चाला.

आणि झाड खरंच धोकादायक असेल तर? तरी पूर्ण तोडायची गरज बहुधा पडत नाही. झाड पडतं ते वरच्या फांद्यांच्या पसाऱ्याच्या वजनाने. तो पसारा उतरवा, खोड ढोलीच्या वर दोन-तीन फूट राखा आणि वरचा काप तिरका घ्या, म्हणजे पाणी साचून ढोलीत झिरपणार नाही. ते कामही पिल्लं उडाल्यावर. पूर्ण झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाडावर नोटीस लागली की हरकतीसाठी ७ दिवस असतात. हरकतीत ‘झाड वाचवा’ एवढंच लिहू नका; ढोली किती उंचीवर, कोणत्या दिशेला, कोणता पक्षी, कोणत्या तारखेला दिसला, हे फोटोसकट लिहा. अशा अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

लाकडी पेटी हा दुय्यम पर्याय, पण करायचा तर नीट करा. आतून एक फूट लांब-रुंद, दोन फूट खोल, भोक साडेतीन इंच व्यासाचं, वरच्या बाजूला. फळी पाऊण इंचाची तरी हवी. पातळ प्लायवूड दुपारी तापतं आणि पिल्लं आत होरपळतात. भोकाखाली आतून आडव्या पट्ट्या ठोका, नाहीतर पिल्लाला चढून बाहेर येता येत नाही. तळाला चार बारीक छिद्रं, वर दोन इंच जाड भुसा. रंग किंवा व्हार्निश आतून अजिबात नको. पेटी पंधरा-वीस फुटांवर, तोंड पश्चिमेला नको. खिळे न मारता रबरी नळीतून घातलेल्या तारेने बांधा, आणि ती तार दरवर्षी सैल करा, नाहीतर ती सालीत रुतते. ऑक्टोबरपर्यंत पेटी वर गेली पाहिजे. पहिल्या वर्षी साळुंकी शिरली तर वैतागू नका, तिलाही घर हवंच असतं. आणि ही पेटी रस्त्यावरून हात दाखवून सांगता येईल अशा जागी लावू नका. तिचे फोटोही जागेसकट कुठे टाकू नका. पिल्लं पळवणारेही ते बघतात.

शेवटी, खाली पडलेलं पिल्लू. पिसं पूर्ण आली असतील आणि ते फडफडत असेल, तर कुत्र्या-मांजरांपासून दूर जवळच्या फांदीवर ठेवा; आई-बाप येतात. उघडं असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली बाजूला ठेवून, अंधारात ठेवा. आधी ऊब, खाणं नंतर. गार पडलेल्या पिल्लाच्या गळ्यातल्या पिशवीत अन्न तसंच राहून आंबतं. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पाव तर मुळीच नको, पक्ष्यांना दूध पचत नाही. आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा. पिल्लू कोणत्या झाडाखाली सापडलं तेही सांगा, कारण ढोली शाबूत असेल तर ते परत तिथेच ठेवता येतं.