आवाजाने लावलेली रांग

(काचेची आडवी नळी, आत बुचाचा भुसा. स्पीकरचा सूर चढत जातो.)

भुसा बघा. आत्तापर्यंत नुसता पसरला होता. सूर जुळला आणि त्याचे ढीग ठरावीक अंतरावर लागले. प्रयोग १८६६ सालचा, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्ट कुंट यांचा. स्पीकर आपला, ते दांडी घासून आवाज काढत. पुढे जाणारी आणि परत फिरणारी लाट एकमेकींत मिसळली, की नळीत काही जागा शांत राहतात. भुसा तिथेच जाऊन बसतो.

(दोन थाळ्यांमध्ये तरंगणारे थर्माकोलचे मणी.)

सूर कानापलीकडे नेला, सेकंदाला ४० हजार कंपनं, की या जागा चार-साडेचार मिलिमीटरवर येतात. मणी अधांतरी. दोरा नाही, चुंबक नाही.

(हॅम्बुर्गजवळचं शेनेफेल्ड. जमिनीखालचा बोगदा.)

युरोपियन एक्सएफईएल, क्ष-किरणांचा लेझर. लांबी ३.४ किलोमीटर. २०१७ पासून इथे क्ष-किरणांचे स्पंद निघतात, सेकंदाला २७ हजारांपर्यंत. अशा स्पंदापुढे आलेला विषाणू फुटतोच. पण तो फुटण्याआधी किरण त्याचा ठसा, म्हणजे त्याच्यावरून विखुरल्याची नक्षी, घेऊन पुढे गेलेले असतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एलसीएलएस या अशाच लेझरवर मिमिव्हायरस या मोठ्या विषाणूचे ठसे असेच मिळाले होते.

(तोटीचं टोक, अगदी जवळून.)

बोगद्याचं कौतुक सगळेच करतात. अडतं ते इथे, या तोटीपाशी. तपासायचे कण, म्हणजे विषाणू किंवा प्रथिनं, इथून वायूबरोबर सुटतात, किरणांचा झोत केसाहून कितीतरी बारीक. बहुतेक कण बाजूनेच निघून जातात. त्यांना एकवटायला आज बारीक छिद्रांच्या चकत्या बसवलेली नळी वापरतात. पण छिद्र एकदा पाडलं की पाडलं. कणांचा आकार बदलला की नळी उघडा. भुशासारखी या कणांची रांग ध्वनीने लावता आली, तर नुसतं बटण फिरवायचं.

सोपं मात्र नाही. ध्वनीला वायू लागतो आणि ठसा घ्यायचा निर्वातात, म्हणजे रांग लावायची ती निर्वाताच्या उंबऱ्याअलीकडेच. शिवाय कणाचा व्यास दहापट कमी झाला, की ध्वनीचा रेटा हजारपट कमी होतो. थर्माकोलचा मणी ऐकतो. नॅनोकणाला वायूचे रेणूच इकडून तिकडून ढकलत असतात.

नेम सुधारला तर नमुना कमी लागेल, प्रथिनांची आणि विषाणूंची चित्रं लवकर हाती येतील.

(नियंत्रण कक्षाचा पडदा. रिकामी चौकट. पुन्हा रिकामी. पुन्हा. मग कड्यांचा ठसा.)

हा लागला.