पोटावर काप नाही, मग आतड्याचा तुकडा निघतो कुठून?

नमस्कार मंडळी, रत्नागिरीहून बोलतोय. गुहागरच्या एका ताईंनी कमेंटमध्ये विचारलंय, "आईच्या मोठ्या आतड्यात गाठ आहे. बिनटाक्याचं ऑपरेशन होतं म्हणे, खरं का?" असं विचारणारे बरेच आहेत.

दुर्बिणीचं ऑपरेशन आता सगळ्यांना ठाऊक आहे. चार-पाच भोकं, पोटात कार्बन डायऑक्साइड, कॅमेरा. पुढे जाऊ.

"बिनटाक्याचं" हा शब्द मला खटकतो. भोकं पडतात, त्यांना टाकेही पडतात, आणि आतलं काम तेवढंच मोठं असतं. वाचतो तो एकच काप, कापलेला तुकडा बाहेर काढायचा. एरवी त्यासाठी पोटावर चार-पाच सेंटीमीटर कापतात. इथे तो गुदद्वारातून, बायकांमध्ये कधी योनिमार्गातून काढतात.

एवढ्याशा कापासाठी खटाटोप कशाला? मिरकरवाड्याचे एक काका माझ्याकडे यायचे. गाठ निघाली, पण कापाच्या जागी हर्निया झाला आणि जाळं ओढणं सुटलं. दर भेटीत ते गाठीबद्दल नाही, होडीबद्दल बोलायचे.

आता खरी अवघड पायरी. तुकडा असा काढायचा तर आतडं पोटाच्या आत उघडावं लागतं, म्हणजे घाण सांडायची भीती. म्हणून आधी आतडं साफ करायला जुलाबाचं औषध, अँटिबायोटिक, आणि तुकडा पिशवीत. ती पिशवी हवीच! गाठ वाटेत घासली तर कॅन्सरच्या पेशी तिथे रुजू शकतात, म्हणूनही पिशवी. आणि तुकडा नुसता ओढला तर गुदद्वाराचा स्नायू दुखावतो, शौचावरचा ताबा जाऊ शकतो. पिशवीतून तो अलगद सरकतो. सरकत नसेल तर जोर करायचा नाही, सरळ पोटावर काप घ्यायचा. त्यात सर्जनचा कमीपणा नाही.

एका दादांनी लिहिलंय, "नॉर्वेने हे बंद केलं ना?" दादा, २०१८मध्ये तिथे थांबवली ती वेगळी पद्धत. तिच्यात गुदाशयच, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, खालून, गुदद्वारातून सोडवत वर जातात. त्यानंतर काही रुग्णांत कॅन्सर त्याच जागी लवकर उलटला होता. आपण बोलतोय ते फक्त तुकडा बाहेर काढण्याबद्दल.

ताई, गाठ मोठी असेल किंवा आतड्याभोवतीची चरबी जाड असेल, तर आईला पोटावरचा कापच बरा. सर्जनकडे जाताना नुसता रिपोर्ट नको, सीटी स्कॅनची सीडीही न्या. आणि दोनच गोष्टी विचारा: तुकडा कुठून काढणार, आणि तिथून नाहीच निघाला तर काय करणार?