दातांच्या खुर्चीतले मूल : भीती, गुंगी आणि भूल

[दृश्य : दंतचिकित्सालयातील रिकामी खुर्ची, वर दिवा, बाजूला साधनांचा ट्रे.]

चार-साडेचार वर्षांच्या मुलाच्या दुधाच्या दाढांना कीड लागते, रात्री गाल धरून ते रडू लागते आणि तेव्हा कुठे घरचे त्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेतात. म्हणजे या जागेशी त्याची पहिली ओळखच ठणक्यातून होते. त्यात ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ अशी धमकी घरात अनेकदा आधीच देऊन झालेली असते. अशा मुलाने खुर्चीत बसताच तोंड घट्ट मिटून घेतले तर त्याला हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. अनोळखी माणूस, त्याच्या तोंडावरची मुखपट्टी, डोळ्यांवर येणारा प्रखर प्रकाश, डोक्यात घुमणारा ड्रिलचा आवाज, आणि तोंडात दुसऱ्याचे हात असल्यामुळे ‘थांबा’ म्हणण्याचीही सोय नाही. मोठ्या माणसांनाही हे सोसत नाही.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते. परंतु मागच्या दुधाच्या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात, आणि त्यांच्या मुळाशी पू झाला तर चेहरा सुजतो, ताप येतो, जेवण आणि झोप दोन्ही सुटते. त्यामुळे मूल मोठे होईपर्यंत थांबू, हा मार्ग दर वेळी मोकळा नसतो. उपचार तर करायचा आहे, आणि मूल तर करू देत नाही. या कोंडीतून गुंगीच्या औषधांचा विचार सुरू होतो.

[दृश्य : डॉक्टर मुलीच्या नखावर ब्रश फिरवून दाखवत आहेत.]

मात्र तो विचार पहिला नसावा. आधी सांगायचे, मग दाखवायचे आणि त्यानंतरच करायचे, ही पद्धत बालदंतवैद्यकात १९५९ पासून नावानिशी मांडली गेली आहे आणि आजही प्रत्येक बालदंततज्ज्ञ तिच्यापासूनच सुरुवात करतो. फिरता ब्रश आधी मुलाच्या नखावर फिरवला जातो, पाण्याचा फवारा तळहातावर सोडला जातो, आणि हात वर केलास तर मी लगेच थांबेन, असे डॉक्टर सांगतात व खरोखरच थांबतात. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण एकदा न थांबलेल्या डॉक्टरांवर मूल पुन्हा विश्वास ठेवत नाही.

शिवाय गेल्या काही वर्षांत कमी त्रासाचे उपचारही हाताशी आले आहेत. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव औषध किडलेल्या जागेवर लावले असता अनेक दातांमधली कीड पुढे वाढायची थांबते. ती जागा कायमची काळी पडते, याची कल्पना मात्र पालकांना आधी द्यावी लागते. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत कीड न कोरता, इंजेक्शन न देता दुधाच्या दाढेवर स्टीलची कॅप बसवली जाते. दाढेच्या आत पू झालेला नसेल तरच हे उपाय चालतात. परंतु जिथे चालतात तिथे गुंगीची गरजच उरत नाही, म्हणून आपल्या मुलाच्या बाबतीत ते शक्य आहेत का, हे पालकांनी आवर्जून विचारावे.

[दृश्य : लहान मुलाच्या नाकावर बसणारा मऊ मास्क, त्याला जोडलेल्या दोन नळ्या.]

त्यापुढचा टप्पा म्हणजे नायट्रस ऑक्साइड, ज्याला सगळे लाफिंग गॅस म्हणतात. या वायूचे आणि दातांचे नाते जुने आहे. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात गार्डनर कोल्टन यांनी या वायूचा जाहीर प्रयोग केला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली आणि त्याला ती कळलीही नाही, हे प्रेक्षकांत बसलेले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी टिपले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः हा वायू घेऊन सहकारी जॉन रिग्ज यांच्याकडून आपली दाढ काढून घेतली. पुढच्या महिन्यात बॉस्टनमध्ये वैद्यकीय मंडळींसमोर त्यांनी केलेला प्रयोग मात्र फसला. वायूची पिशवी वेळेआधीच बाजूला घेतली गेली, रुग्ण ओरडला आणि वेल्स यांची हेटाळणी झाली. औषध खरे होते, पण रुग्णावर त्याचा अंमल किती चढला आहे याचा अंदाज चुकला. गुंगीच्या शास्त्रातली मुख्य अडचण आजही हीच आहे.

आज हा वायू एकटा दिला जात नाही. त्यात प्राणवायू मिसळलेला असतो आणि कितीही वाढवले तरी मिश्रणातला प्राणवायू ३० टक्क्यांच्या खाली जाऊ नये अशी सोय यंत्रातच असते. सुरुवातीला नुसता प्राणवायू, मग थोडा थोडा नायट्रस ऑक्साइड, आणि बहुतेक मुलांना ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हातापायांत हलक्या मुंग्या आल्यासारखे, तरंगल्यासारखे वाटू लागते. मूल जागे असते, प्रश्नाला उत्तर देते, पण अंगावरचा ताण गेलेला असतो. काम संपल्यावर काही मिनिटे पुन्हा प्राणवायू दिला की अंमल उतरतो. चढायलाही मिनिटे आणि उतरायलाही मिनिटेच लागत असल्यामुळे मात्रा त्या क्षणी कमीजास्त करता येते, आणि बालदंततज्ज्ञांच्या हाती असलेल्या साधनांपैकी हे सर्वांत सुरक्षित साधनांमध्ये गणले जाते.

त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. मुलाने मास्क नाकावर ठेवू दिला पाहिजे आणि नाकाने श्वास घेतला पाहिजे. सर्दीने नाक चोंदलेले असेल, किंवा मूल रडत तोंडाने श्वास घेत असेल, तर वायू पोहोचतच नाही. म्हणूनच थोडे घाबरलेल्या, पण बोलणे ऐकणाऱ्या मुलासाठी हा मार्ग आहे. खुर्चीवरून उतरून पळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलासाठी नाही. नायट्रस ऑक्साइड शरीरातील बी-१२ जीवनसत्त्वाला निष्क्रिय करतो, त्यामुळे या जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असलेल्या मुलांच्या बाबतीत तो टाळावा लागतो. दूध-दुभतेही फारसे न खाणाऱ्या शाकाहारी घरांतील पालकांनी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

[दृश्य : परिचारिका मुलाचे वजन करून कागदावर नोंदवते आहे.]

ज्या मुलांना मास्क सहन होत नाही, त्यांच्यासाठी तोंडावाटे द्यायची औषधे आहेत. त्यांत मिडॅझोलम सर्वाधिक वापरले जाते. ते कडू असते, म्हणून गोड सिरपात मिसळून देतात. वजनानुसार मात्रा ठरते, साधारण वीस ते तीस मिनिटांत मूल सैलावते, आणि औषध घेतल्यानंतरच्या बऱ्याच गोष्टी त्याला पुढे आठवत नाहीत. हे विस्मरण एका अर्थाने वरदान आहे. परंतु शांत होण्याऐवजी काही मुले या औषधाने उलट चिडतात, रडतात, हातपाय झाडतात, आणि तसे झाल्यास त्या दिवशीचे काम थांबवणे हेच शहाणपणाचे ठरते. पोटात गेलेले औषध वायूसारखे क्षणात कमीजास्त करता येत नाही. एक मात्रा पुरली नाही म्हणून लगोलग दुसरी देणे धोक्याचे असते, कारण पहिलीचा अंमल अजून चढतच असतो. त्याच कारणाने हे औषध घरून देऊन मुलाला आणू नये. ते दवाखान्यात, लक्ष ठेवणाऱ्या माणसांसमोरच दिले गेले पाहिजे.

मिडॅझोलमचा फवारा नाकातही देता येतो आणि त्याचा परिणाम लवकर होतो, पण नाकात चांगलीच आग होते. डेक्समेडेटोमिडीन या औषधाने ती आग होत नाही आणि मूल नैसर्गिक झोपेसारखे झोपते, मात्र परिणामाला वेळ लागतो व नाडी मंदावू शकते. केटामीनही काही ठिकाणी वापरले जाते.

पालकांचा एक गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. गुंगी म्हणजे बधिरता नव्हे. दाढ काढायची किंवा तिच्या नसेचा उपचार करायचा, तर हिरडीत बधिर करणारे इंजेक्शन गुंगीतही द्यावेच लागते. त्या औषधालाही वजनानुसार कमाल मर्यादा आहे, आणि गुंगीच्या औषधाबरोबर त्याची मात्रा जास्त झाली तर दोन्हींचा भार मुलाच्या मेंदूवर आणि श्वासावर एकदम पडतो. पंधरा किलो वजनाच्या मुलाच्या चारही बाजूंच्या दाढा एका बैठकीत बधिर करण्याचा मोह म्हणूनच आवरावा लागतो.

[दृश्य : छातीची संथ हालचाल, मॉनिटरवर श्वासाची रेषा.]

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. गुंगीच्या चार पातळ्या मानल्या जातात : सौम्य, मध्यम, गाढ आणि संपूर्ण भूल. कागदावर त्या वेगळ्या दिसतात, प्रत्यक्षात ती एक उतरण आहे, आणि मध्यम गुंगीत ठेवायचे ठरवलेले मूल नकळत गाढ गुंगीत घसरू शकते. लहान मुलाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते, टॉन्सिल वाढलेले असू शकतात, श्वासमार्ग अरुंद असतो, आणि श्वास थांबला तर रक्तातील प्राणवायू मोठ्या माणसापेक्षा फार लवकर उतरतो. त्यात उपचाराचे पाणी, रक्त आणि कापसाचे बोळे त्याच तोंडात असतात ज्यातून ते श्वास घेते. दातांच्या उपचारातली गुंगी अवघड आहे ती यामुळे.

कोविडच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला आणि त्याच्या आकड्यावर आपला फार विश्वास बसला. परंतु मुलाला जादा प्राणवायू दिला जात असेल तर श्वास थांबल्यानंतरही तो आकडा काही काळ चांगलाच दिसत राहतो. बाहेर पडणाऱ्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे कॅप्नोग्राफ हे यंत्र आधी इशारा देते. आणि यंत्रे कोणतीही असोत, मुलाच्या छातीकडे, ओठांच्या रंगाकडे आणि मानेच्या स्थितीकडे सतत पाहणारा माणूस लागतोच. दाढ कोरणाऱ्या डॉक्टरांचे डोळे दाढेवर असतात, आणि ते तिथेच असले पाहिजेत. म्हणून दुसरे कोणीतरी हवे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि बालदंततज्ज्ञ यांच्या संघटनांनी २०१९ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये गाढ गुंगीसाठी हे स्पष्ट लिहिले आहे की, उपचार करणाऱ्या दंतवैद्याखेरीज भूल देण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती तिथे असली पाहिजे आणि मुलाचा श्वास पूर्ववत करण्याचे प्रशिक्षण दोघांनाही हवे. ब्रिटनने तर २००१ अखेर दातांसाठीची संपूर्ण भूल रुग्णालयाबाहेर देणे बंद केले.

‘कोणते औषध देणार’ हा प्रश्न पालक विचारतात. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : माझ्या मुलाच्या श्वासावर कोण लक्ष ठेवणार आहे, आणि त्या वेळी त्या व्यक्तीकडे दुसरे काही काम असणार आहे का? हा प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. तयारी असलेल्या दवाखान्यात त्याचे उत्तर चटकन मिळते, प्राणवायू आणि मुलांच्या मापाचे मास्क कुठे ठेवले आहेत तेही दाखवले जाते. उत्तर टाळले गेले, तर उपचार दुसरीकडे न्यावा.

[दृश्य : शस्त्रक्रियागृहाचे दार, बाहेर बसलेले आई-वडील.]

काही मुलांसाठी संपूर्ण भूल हाच योग्य मार्ग असतो. अगदी लहान वय, आठ-दहा दात किडलेले, किंवा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी यांसारख्या स्थिती असतील, तर रुग्णालयात भूलतज्ज्ञ मुलाला पूर्ण झोपवतात, बहुधा नाकावाटे श्वासनलिकेत नळी घालून श्वासमार्ग सुरक्षित केला जातो आणि सगळे दात एकाच वेळी पूर्ण केले जातात. बहुतेक मुले त्याच दिवशी घरी जातात. जागे होताना काही मुले भेदरल्यासारखी रडतात, पण थोड्या वेळाने ती शांत होतात. दातांसाठी पूर्ण भूल द्यावी लागली म्हणून अपराधी वाटून घेणारे पालक पुष्कळ असतात. हातपाय दाबून धरून चार बैठकांत तोच उपचार उरकण्यापेक्षा नीट दिलेली एक भूल मुलासाठी अधिक दयाळू असते, हे माझे स्पष्ट मत आहे.

भुलीचा मेंदूवर परिणाम होतो का, ही शंका रास्त आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून अधिक काळ दिलेल्या भुलीबाबत सावधगिरीची सूचना दिली. दुसरीकडे, तान्हेपणी तासाभराच्या आतली एकच भूल मिळालेल्या मुलांमध्ये पाचव्या वर्षी बौद्धिक विकासात फरक आढळला नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले.

[दृश्य : घरातील स्वयंपाकघर, सकाळ.]

भूल किंवा तोंडावाटे गुंगी देण्यापूर्वी पोट रिकामे असावे लागते. सर्वसाधारण नियम असा की साधे पाणी दोन तास, आईचे दूध चार तास, वरचे दूध व हलका आहार सहा तास आधी थांबवायचा आणि तळलेले, जड जेवण त्याहूनही आधी. गुंगीत उलटी झाली तर ती फुप्फुसांत जाऊ शकते, एवढ्यासाठी हा नियम आहे. ‘लेकरू उपाशी कसं न्यायचं’ म्हणून आजीने प्रेमाने दिलेले एक बिस्कीटही डॉक्टरांना सांगितले पाहिजे. त्या दिवशीचा उपचार पुढे ढकलला गेला तरी चालेल. मूल रात्री घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, दमा असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत छातीत कफ झाला असेल, तर तेही न विचारता सांगावे.

परत येतानाची काळजी आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. आपली बरीच कुटुंबे दुचाकीवरून दवाखान्यात येतात आणि मुलाला पुढे उभे करून किंवा दोघांच्या मधे बसवून घरी जातात. गुंगी पूर्ण उतरलेली नसताना पेंगणाऱ्या मुलाची मान पुढे पडते आणि तेवढ्यानेही श्वासमार्ग दबू शकतो. त्या दिवशी रिक्षा किंवा गाडी करावी, आणि चालवणाऱ्याखेरीज एक मोठे माणूस मुलाशेजारी बसून त्याची मान सरळ आहे ना, एवढेच पाहत राहावे. घरी आल्यावरही मूल झोपले तर अधूनमधून हाक मारून ते जागे होते का, हे पाहावे. हाक मारूनही ते जागे होत नसेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ओठ बधिर असल्यामुळे मुले तो चावतात आणि संध्याकाळी सूज पाहून पालक घाबरतात. म्हणून बधिरता जाईपर्यंत चावून खाण्याचे काही देऊ नये.

तीन महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडे पुन्हा जावे, आणि त्या भेटीत फक्त दात मोजून घ्यावेत, फ्लोराइडचा लेप लावून घ्यावा. घरात धाकटे भावंड असेल तर त्यालाही सोबत न्यावे, मग ते वर्षाचे का असेना.