अक्काची ट्यूब

(आरशाजवळची फळी. सकाळचा उजेड.)

तासगाव तालुक्यातलं आमचं घर. फळीवर फणी, टिकल्यांचं पाकीट आणि खालून वर घट्ट गुंडाळत आणलेली एक ट्यूब. आत थेंबभरही उरलेलं नाही.

ही माझ्या अक्काची. अक्का द्राक्षबागेत कामाला जाते. विरळणीच्या दिवसांत सकाळपासून हात वर करून घडाखाली उभं राहायचं. दुसऱ्या बाळंतपणात तिच्या गालांवर वांग आले. बागेतल्याच एकीनं नाव सांगितलं, मेडिकलमधून ट्यूब आली, चिठ्ठी कुणी मागितली नाही. थोड्याच दिवसांत चेहरा उजळला. बायका विचारायला लागल्या, "अक्का, काय लावतीस गं?" तिनं नऊजणींना नाव सांगितलं. याचंच तिला आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

(ट्यूबवरची बारीक अक्षरं.)

हायड्रोक्विनोन. ट्रेटिनॉइन. मोमेटासोन. हे तिसरं नाव स्टिरॉइडचं. स्टिरॉइड म्हणजे विष नव्हे. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस लावलं तर फार गुणाचं औषध. पण चेहऱ्याची त्वचा मुळात नाजूक, ती औषध भरभर शोषते. स्टिरॉइडनं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, चेहरा फिकट दिसतो. तोच आपल्याला उजळपणा वाटतो. महिनोन्महिने लावत राहिलं की कातडी पातळ होत जाते. आणि थांबवलं, की आक्रसलेल्या रक्तवाहिन्या फुलतात. चेहरा लालबुंद होतो, आग होते, पुरळ उठतं. बाई घाबरते आणि पुन्हा तीच ट्यूब लावते. अक्कानं दोन वर्षं हेच केलं.

(अक्काचा गाल, अगदी जवळून.)

कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी. तिच्यातून दिसणाऱ्या तांबड्या रेषा. हनुवटीवर पूर्वी नव्हती ती लव. चुलीपुढं तिला बसवत नाही, उन्हात तर डोळ्यांत पाणी येतं. आणि वांग? ते आहेत तिथंच आहेत.

स्टिरॉइडची १४ मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा आदेश केंद्रानं मार्च २०१८ मध्येच काढलाय. तरीही ट्यूब मिळते. नाव-गाव नसलेल्या गोरेपणाच्या डब्यांत तर पाराही सापडतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीम लावणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडली. परदेशात उलटी तऱ्हा. तिथं रंग सावळा व्हावा म्हणून माणसं अतिनील दिव्यांच्या यंत्रात झोपतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००९ साली त्या यंत्रांना तंबाखूच्याच गटात, कर्करोगाला नक्की कारण ठरणाऱ्यांत बसवलं. त्याच वर्षी ब्राझीलनं सौंदर्यासाठी त्यांच्या वापरावर बंदी घातली. आपल्या चिठ्ठीचा नियम मात्र कागदावरच राहिला, आणि मला त्याचा राग येतो.

(मिरजेचा रस्ता. अक्का एसटीतून उतरते.)

मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा ट्यूबच मागितली. तुम्हीही जाल तेव्हा ती सोबत न्या, लपवू नका. घरच्या घरी बंद करून आग सोसत बसू नका. ती कशी सोडायची ते डॉक्टरांना ठरवू द्या. अक्काला सात महिने झाले. तांबडेपणा उतरलाय, रेषा अजून आहेत. आता ती डोक्यावर रुंद टोपी घालते, तोंडाला सुती स्कार्फ बांधते.

नऊजणींपैकी सहाजणींच्या घरी ती जाऊन आली. स्कार्फ सोडून गाल दाखवला. तिघी राहिल्यात. त्यांतली एक आमची चुलत वहिनी. उद्या तिच्याकडं जायचंय.