सीलबंद कुलर उघडताना

[दृश्य: सांगली, हरभट रोडलगतची गल्ली. दुरुस्तीच्या दुकानातलं टेबल. त्यावर काळा कुलर, दोन नळ्या, लांबट रेडिएटर.]

हा खोलीचा नाही, कॉम्प्युटरचा कुलर: प्रोसेसरची उष्णता द्रवाने उचलून रेडिएटरमधून हवेत सोडणारा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका स्टुडिओतून तो आलाय. लग्नसराईत रेंडरिंग, म्हणजे एडिट केलेल्यातून अंतिम व्हिडिओ तयार करण्याचं काम, रात्रभर चालतं, आणि सांगलीत लग्नसराई म्हणजे पारा चाळिशीला टेकलेले एप्रिल-मे. खोलीतली हवा 40 अंशांवर असेल, तर रेडिएटरमधला द्रव त्याहून थंड होणार कसा? काम जोरात सुरू असताना तो आणखी दहा-पंधरा अंशांनी तापतो. अशा कुलरच्या द्रवाला साधारण 60 अंशांची मर्यादा धरतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या मर्यादेपर्यंत फारशी जागाच उरत नाही.

[दृश्य: क्लोज-अप. नळी आणि पंपाचा सांधा. पांढरट-हिरवा थर.]

सांध्यावरचा हा थर बघा. इथून द्रव थेंबाथेंबाने बाहेर आला, वाळला आणि मागे क्षार सोडून गेला. हिरवटपणा तांब्याचा आहे. म्हणजे गळती दिसण्याच्या कितीतरी आधीपासून आतलं तांबं द्रवात उतरत होतं.

[दृश्य: स्क्रू सुटतात. तांब्याची प्लेट वर येते.]

प्रोसेसरला टेकणारी ही प्लेट उघडली. हिच्यावर तांब्याची बारीक पाती एकमेकींना खेटून उभी असतात. दोन पात्यांमधली फट मिलिमीटरचा लहानसा अंश. सगळी उष्णता या फटींतून वाहणाऱ्या द्रवाने उचलायची असते. आणि त्या फटींत भरलाय हा चिकट, राखाडी गाळ.

हा गाळ बाहेरून आलेला नाही. कुलर सीलबंद होता, धूळ आत जायला वाटच नव्हती. प्लेट तांब्याची, रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि दोघांमध्ये एकच द्रव. दोन वेगळे धातू एका द्रवात बुडवून एकमेकांना जोडले की त्यांची बॅटरी होते, आणि त्यात झिजतं ॲल्युमिनियम. विरघळलेलं तांबं ॲल्युमिनियमवर जाऊन बसलं, की तिथे बारीक खड्डे पडायला लागतात. हे रोखण्यासाठी कंपनी द्रवात गंजरोधक रसायनं घालते. ती रसायनं खर्च होतात. ती संपली की ॲल्युमिनियमचा पांढरट, जेलीसारखा साका तयार होतो, द्रवाबरोबर फिरत फिरत सर्वांत अरुंद जागी येतो आणि अडकतो. सर्वांत अरुंद जागा म्हणजे हीच पाती.

आता रबराकडे या.

[दृश्य: चिमट्याने काढलेली ओ-रिंग. दाबली तरी चपटीच राहते.]

ही ओ-रिंग गोल असायला हवी होती. घरातल्या कुकरची जुनी रिंग आठवा, वाफ बाजूने सुटायला लागते ती. इथेही तेच. वर्षानुवर्षं उष्णता आणि दाब सोसून रबर आपला उभार विसरतं. मशीन तापलं की द्रव फुगतो, बंद झालं की आकसतो, आणि दर वेळी हा सांधा थोडा हलतो. एक दिवस कडक झालेलं रबर ती हालचाल भरून काढू शकत नाही.

[दृश्य: नळी तिरकी केली जाते. आतून गुळगुळ आवाज.]

हा आवाज हवेचा आहे. नळीला चीर नसली तरी रबराच्या भिंतीतून पाण्याचे रेणू हळूहळू बाहेर जातात. गरमीत जास्त वेगाने. द्रव कमी होतो, हवेचा फुगा मोठा होतो आणि कुलरमधल्या सर्वांत उंच जागी जाऊन बसतो. म्हणून रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच ठेवायचं. पंपच सर्वांत उंच राहिला, तर हवा त्याच्यातच साठते. पंपाच्या बेअरिंगला वंगण तो द्रवच देतो. हवेत फिरणारा पंप स्वतःलाच झिजवतो.

हे दुखणं फक्त स्वस्त मालाचं आहे, असं नाही. 2004 मध्ये ॲपलने 2.5 गिगाहर्ट्झच्या पॉवर मॅक जी5 ला द्रवाचं कुलिंग दिलं होतं. पुढे त्या मशीनमधूनही गळतीच्या तक्रारी आल्या.

[दृश्य: काचेचं कॅबिनेट, रंगीत द्रव, पारदर्शक नळ्या.]

स्वतः जोडलेल्या लूपची, म्हणजे पंप, नळ्या, रेडिएटर सुटे आणून केलेल्या कुलिंगची, गोष्ट वेगळी. तिथे माणूसच घाई करतो. फिटिंग पाना लावून आवळलं की ॲक्रिलिकला तडा जातो. बोअरचं पाणी भरलं की क्षार बसतात. नुसतं डिस्टिल्ड पाणीही पुरत नाही, त्यात गंजरोधक आणि शेवाळ रोखणारं औषध लागतं. पण एक मोठा फरक आहे: हा द्रव काढता येतो, बदलता येतो. टेबलावरच्या त्या सीलबंद कुलरला द्रव भरायचं तोंडच दिलेलं नाही. काही कंपन्या ते देतात. म्हणजे देता येतं.

[दृश्य: डाग पडलेला बोर्ड.]

स्टुडिओतल्या त्या सीलबंद कुलरमधून गळलेला द्रव ग्राफिक्स कार्डवर उतरला, कार्ड गेलं आणि मदरबोर्डही. ओल दिसली तर आधी प्लग काढा. नुसतं शटडाऊन केलं तरी बोर्डात स्टँडबायचा 5 व्होल्ट राहतो.

[दृश्य: हातपंप, दाबमापक. काटा अर्ध्या बारवर.]

पाती धुतली, नवी रिंग बसवली. द्रव भरण्याआधी आत हवेचा दाब भरून काटा बघतात. अर्धा तास तो जागचा हलला नाही, तरच पुढचं काम. हे सगळं एका टेबलावर, साध्या अवजारांनी होतं. अडतं ते सुट्या भागांपाशी. या कुलरची ओ-रिंग वेगळी विकत मिळत नाही. कारागिराने व्हर्नियरने खाचेचं माप घेतलं आणि सीलच्या दुकानात जाऊन त्या मापाची, उष्णता सोसणारी रिंग निवडून आणली.